किडनी मेरिडियन वीक म्हणजे किडनी खराब का?

बर्डीवाला_पोट्टा:
आईचं वय ५८. कंबर दुखते अन् थंडीत पाय गारठून जातात म्हणून शेजारच्या काकू तिला एका ॲक्युप्रेशरवाल्याकडे घेऊन गेल्या. त्यानं नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली अन् म्हणे किडनी मेरिडियन वीक आहे, एनर्जी बॅलन्स बिघडला. तेव्हापासून आई एकच धरून बसली की माझी किडनी गेली, पाणी बी मोजून पिऊन राहिली. वरून चायनीज जडीबुटीची पुडी दिली, त्यावर नाव ना गाव. सोनोग्राफी करू का?

ऊर्जाताई_नागपूर:
भाऊ, आधी त्यांना नीट पाणी प्यायला सांगा 🙏 मी कोर्स केला आहे म्हणून सांगते, चायनीज मेडिसिनमधली किडनी म्हणजे निव्वळ आपला अवयव नाही, लय मोठा कारभार आहे, हाडं, केस, कान, भीती, म्हातारपण सगळं तिच्याच खात्यात, अन् जन्मतः मिळालेलं 'जिंग', म्हणजे मूळ जीवनशक्ती, तिथंच साठते असं ते मानतात. मेरिडियन म्हणजे त्यांच्या मते अंगात एनर्जी वाहायची वाट, किडनीची तळव्यातून निघते, आतल्या घोट्यामागून वळून पायाच्या आतल्या बाजूनं वर, पोट, छाती अन् कॉलरबोनच्या खाली संपते, एकूण २७ पॉइंट. पाय गार, कंबर दुखते म्हणजे किडनी यांग (ऊब देणारी बाजू) कमी, तळवे जळतात, रात्री घाम येते तर यिन (थंडावा देणारी बाजू) कमी. (मे महिन्यात कूलर बंद पडला की अख्ख्या नागपूरचं यिन कमी 😀) हे सोनोग्राफीत दिसत नसते.

लॅबवाला:
ताईंचं बरोबर, पण म्हणून टेस्ट टाळू नका. रक्तातलं क्रिएटिनिन अन् लघवीतला अल्ब्युमिन, या किडनीच्या टेस्ट करून घ्या, सोबत बीपी, शुगर, थायरॉइड, बी१२, कारण पाय गार पडायला अन् कंबर दुखायला शंभर कारणं असतात. अन् ती पुडी आजच बंद करा. १९९० च्या आसपास बेल्जियममधे वजन कमी करायच्या चायनीज जडीबुटीत चुकीची वनस्पती गेली, ॲरिस्टोलोकिया, अन् कितीतरी बायांच्या खऱ्याखुऱ्या किडन्या गेल्या, काहींना पुढे कॅन्सर. पॉइंट दाबल्यानं किडनी जात नाही, पुडीनं जाऊ शकते. कोणी सुया टोचायचं म्हटलं तर रजिस्ट्रेशन विचारा, आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरची कौन्सिल आहे.

जुना_महालकर:
थोडं विषयांतर. १९३८ मधे युद्धात मदतीला चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे कोटणीस सगळ्यांना माहीत, पण आपल्या नागपूरचे डॉ. चोलकर बी होते, इथे कोणी नाव काढत नाही. त्याच टीममधले कलकत्त्याचे डॉ. बसू पुढे परत चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले अन् इथे आणलं.

बर्डीवाला_पोट्टा:
पुडी फेकली, उद्या सकाळी ब्लड देऊन राहिलो. आई म्हणते पाय दाबल्यावर बरं वाटते, ते घरी चालू ठेवू का?

ऊर्जाताई_नागपूर:
ठेवा ना. आतल्या घोट्याचं हाड अन् टाचेमागची जाड शीर, मधे खड्डा लागते ना, तो थायशी पॉइंट, अंगठ्यानं मिनिटभर हळू दाबा. संध्याकाळी ५ ते ७ किडनीची वेळ मानतात. सूज असली तर मात्र नको, आधी डॉक्टर.