२८ फुटी फायबर बोटीवर व्हीएचएफ वायरलेस बसवायचा आहे – अँटेना, केबल, बॅटरी?

किनारा_दापोली:
नमस्कार मंडळी. बोट २८ फुटी, फायबरची, हर्णै बंदरात असते. मागे ४० एचपीचं आउटबोर्ड इंजिन, सेल्फ स्टार्ट, बॅटरी १२ व्होल्ट ७० एएच. केबिन नाही, मध्ये कन्सोल आणि त्यावर छपराचा पाइप. पावसाळी बंदीत बोट वर ओढलेली आहे, तेवढ्यात २५ वॉटचा डीएससीवाला (बटण दाबून संकटाचा संदेश पाठवणारा) सेट बसवून घ्यायचाय. ३ डीबीचा (डीबी म्हणजे सिग्नलचा जोर मोजायचं माप) अँटेना घ्यायचा की ६ डीबीचा? केबल ७ मीटर लागेल, दुकानदार आरजी-५८ देतोय, चालेल का? वीज थेट बॅटरीवरून घ्यायची की स्विच पॅनेलवरून? आणि फायबर बोटीत अँटेनाला वेगळं अर्थिंग लागतं का?

तांडेल_रत्नागिरी:
अँटेना ३ डीबीचाच घ्या, साधारण १ मीटरचा स्टीलचा व्हिप (बारीक लवचिक दांडा) मिळतो तो. ६ डीबीचा २.४ मीटरचा दांडा ताकद वाढवत नाही, आहे ती ताकद आडव्या अरुंद पट्ट्यात दाबून फेकतो. मोठं जहाज फारसं डोलत नाही, तिथे ते बरं. तुमची बोट लाटेवर डावी-उजवी झाली की तो पट्टा एकदा पाण्यात, एकदा आभाळात. समोरच्याला तुमचं अर्धं वाक्य ऐकू येईल आणि अर्धं जाईल.

पल्ला वाढवायचा तर उंची वाढवा. हिशेब सोपा आहे: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, त्यांची बेरीज करा आणि २.२५ ने गुणा. उत्तर सागरी मैलात येतं. दोन्ही बोटींचे अँटेना पाण्यापासून २ मीटरवर असतील तर सव्वासहा मैल, ४ मीटरवर असतील तर ९ मैल. किनाऱ्यावरचा अँटेना १०० मीटर उंचीवर असेल तर तुमच्या ४ मीटरला सुमारे २७ मैल. सेटचे वॉट वाढवून हा आकडा फारसा हलत नाही. म्हणून छपराच्या पाइपाला १.२ ते १.५ मीटरचा जादा तुकडा जोडा आणि त्याच्या टोकावर अँटेना ठेवा.

अँटेना अगदी उभा हवा. धातूच्या पाइपाला समांतर चिकटवून बांधू नका, पाइप त्याची लहर खातो. दुसरा व्हीएचएफ अँटेना असेल तर निदान १ मीटर अंतर. क्लॅम्प आणि नटबोल्ट ३१६ स्टीलचे घ्या.

अर्थिंगचं: सागरी व्हिप बहुतेक अर्ध्या लहरीचे असतात, त्यांना वेगळं अर्थिंग लागत नाही. गाडीच्या छतावरचा पाव लहरीचा व्हिप स्वस्त पडतो म्हणून काहीजण लावतात. त्याला खाली धातूचा पत्रा लागतो. फायबरवर तो नीट चालतच नाही.

कथील_आणि_केबल:
केबलबद्दल आकड्यांत बोलू. १५६ मेगाहर्ट्झला आरजी-५८ मध्ये दर मीटरला साधारण ०.२ डीबी जातात, आरजी-२१३ मध्ये ०.०९ च्या आसपास. ७ मीटरला म्हणजे १.४ विरुद्ध ०.६. २५ वॉटपैकी अँटेनापर्यंत १८ पोचतात की २१.५, एवढाच फरक. समोरच्याच्या कानाला तो कळणार नाही. १५ मीटरची केबल असती तर मी आरजी-२१३ चाच आग्रह धरला असता.

माझी हरकत दुकानातल्या आरजी-५८ मध्ये मधल्या तारेभोवती असते त्या जाळीवर आहे. ती विरळ असते आणि नुसत्या तांब्याची असते. सांध्यातून पाणी एकदा शिरलं की बाहेरच्या आवरणाखालून वातीसारखं पुढे पुढे जातं. दोन मोसमांनी केबल सोललीत तर जाळी काळी-हिरवी, बोटांत चुरा होणारी. त्यापेक्षा कल्हई केलेल्या दाट जाळीची, ६ मिमी जाडीची आरजी-८एक्स घ्या. वळणाची त्रिज्या ६ सेंटीमीटरपेक्षा कमी नको.

कनेक्टर पीएल-२५९. आरजी-८एक्सला यूजी-१७६ अडॅप्टर लागतो, आरजी-५८ ला यूजी-१७५. हे दोन हमखास उलटसुलट दिले जातात, दुकानातच घालून बघा. झाळायला ६० ते १०० वॉटचं सोल्डरिंग आयर्न घ्या. कमी वॉटचं आयर्न धरून बसलात की आतला फोम वितळतो आणि मधली तार सरकून जाळीला टेकते. जाळीचा एक केसही मधल्या तारेकडे जाता कामा नये.

वरचा सांधा बाहेर असेल तर त्यावर एकजीव होणारी रबर टेप, दुप्पट ताणून, खालून वर गुंडाळा. उन्हात ती तडकते, म्हणून वरून साधी काळी टेप. कन्सोलमध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल.

किनारा_दापोली:
आभारी आहे दादा. नमुन्याला एक अँटेना आणलाय. त्याच्या केबलच्या टोकाला मल्टिमीटर लावला तर मधली तार आणि बाहेरची बाजू शॉर्ट दाखवते. खराब माल का?

कथील_आणि_केबल:
लगेच परत करू नका. बरेच सागरी अँटेना आतल्या कॉइलमुळे डीसीला शॉर्टच दाखवतात, ती त्यांची रचनाच आहे. सांधा सुटत असेल तर अँटेना काढून नुसती केबल तपासा. तेव्हाही शॉर्ट दाखवली तर दोष केबलचा किंवा कनेक्टरचा. खरी परीक्षा एसडब्ल्यूआर मीटरची (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते तो दाखवतो): १.५ च्या आत उत्तम, २ पर्यंत चालेल, ३ च्या वर गेलं तर बोलायचं बटण सोडा आणि सांधे तपासा. अँटेना न जोडता बटण कधीच दाबू नका, आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

बारा_व्होल्ट:
विजेचं सांगतो. २५ वॉटवर बोलताना सेट ५ ते ६ अँपिअर ओढतो, नुसता ऐकताना अर्ध्या अँपिअरच्या आत. दहा तास ऐकलं तरी ५ एएच, बॅटरीला ते जड नाही. अडचण होते ती बोलताना. बॅटरीपासून ५ मीटरवर सेट म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. १ चौमिमी वायरीत ६ अँपिअरला १ व्होल्ट पडतो, २.५ मध्ये ०.४. म्हणून २.५ ची, जमलं तर ४ ची वायर. तीही कल्हईची.

थेट बॅटरीवरून घ्या. पॅनेलवर पंप आणि दिव्यांचा भार असतो, तिथलं एक गंजलेलं टर्मिनल सगळ्यांना बुडवतं. फ्यूज सेटच्या माहितीपत्रकात असेल तेवढ्याचाच, बहुधा १० अँपिअर, आणि तो बॅटरीच्या धन टोकाजवळच. सेटजवळ लावलात तर मधली ५ मीटर वायर फ्यूजच्या संरक्षणाशिवाय राहते.

बसवून झालं की मल्टिमीटर सेटच्या मागच्या वायरीवर ठेवून बटण दाबा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त पडलं तर लग (वायरीच्या टोकाची धातूची पकड) पुन्हा दाबा. स्टार्टर मारताना व्होल्टेज १० च्या खाली जाऊन सेट बंद-चालू होतो, म्हणून इंजिन चालू झाल्यावरच सेट लावा. स्पीकरमध्ये चुंबक असतं, होकायंत्र मीटरभर लांब ठेवा.

खरखर आली तर दोष सेटला देऊ नका. स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) आवाज बंद होईल तिथपर्यंतच फिरवा आणि एकेक वस्तू चालू करत जा. एलईडी दिवे आणि मोबाइलचे स्वस्त चार्जर हेच बहुधा सापडतात.

तांडेल_रत्नागिरी:
डीएससीचं राहिलं. एमएमएसआय (बोटीच्या वायरलेसचा ओळख) क्रमांक भरल्याशिवाय लाल बटण दाबूनही संकटाचा संदेश जात नाही. क्रमांक ९ आकडी असतो, भारताचा ४१९ ने सुरू होतो. बऱ्याच सेटमध्ये तो एकदा-दोनदाच भरता येतो, त्यामुळे कागद समोर ठेवून एकेक आकडा वाचत भरा. सेट जुना घेतलात तर आधीच्या बोटीचा क्रमांक त्यातच असतो, तो पुसून घेतल्याशिवाय वापरू नका, शोध भलत्याच बोटीचा सुरू होईल. परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी) शाखेचा लागतो, त्याचा अर्ज आताच करा.

सेटमध्ये जीपीएस नसेल तर जीपीएसवाल्या फिशफाइंडरची (मासे दाखवणाऱ्या यंत्राची) एनएमईए आउट, म्हणजे माहिती बाहेर देणारी वायर सेटच्या इनला, आणि दोघांच्या ग्राउंड एकत्र, वेग ४८००. पडद्यावर अक्षांश-रेखांश दिसले की जोडणी झाली.

चाचणीसाठी चॅनल १६ वर गप्पा नकोत, ते हाकेचं आणि संकटाचं चॅनल आहे. १६ वर हाक द्या आणि लगेच ७२ किंवा ७७ वर जा. बंदरात १ वॉटवर. मग दोन-तीन मैल बाहेर जाऊन २५ वॉटवर बोला आणि बोलता बोलता बोट चारही दिशांना फिरवा. एकाच दिशेला आवाज बसला तर छपराचा पाइप मध्ये येतोय, अँटेना आणखी वर घ्या.