गणितात बी.एस्सी.: खर्च आणि पुढील कमाई यांचा मेळ कसा बसतो?

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझी मुलगी सांगलीत बारावी विज्ञान शाखेत शिकत असून तिला अभियांत्रिकीऐवजी पुण्यात गणित घेऊन बी.एस्सी. करायचे आहे. तिच्या आवडीबद्दल मला शंका नाही. उत्तर जुळले तरी तेच गणित दुसऱ्या रीतीने सोडवून पाहण्याची तिची सवय आहे. परंतु घरात मी एकटाच कमावता आहे, धाकटा मुलगा आठवीत आहे आणि पुण्यात वसतिगृह व खानावळ मिळून महिन्याला दहा हजारांच्या आत भागणार नाही, असे चौकशीत कळले. एवढा खर्च करून पुढे कमाई काय होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खडू_फळा:
मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. अनुदानित महाविद्यालयातील बी.एस्सी.ची फी हा या हिशेबातील सर्वांत लहान आकडा आहे. खरा खर्च वर्षांचा आहे. नुसत्या बी.एस्सी.वर गणिताशी संबंधित नोकरी क्वचितच मिळते, म्हणून हिशेब एम.एस्सी.पर्यंतचा, म्हणजे पाच वर्षांचा धरावा. आपल्याच आकड्याने, वर्षाचे दहा महिने धरले तरी, राहण्याजेवण्यावर पाच लाख रुपये होतात.

अध्यापनाचा मार्ग लांबचा आहे. कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.एस्सी.नंतर दोन वर्षांचे बी.एड., मग अभियोग्यता चाचणी, शासनाच्या शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरील निवड आणि त्यानंतर तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधन. हे मानधन उच्च माध्यमिकसाठी पूर्वी महिना ९ हजार होते, ते २०२३ मध्ये २० हजार झाले. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये आहे, मात्र कायम जागा फार थोड्या निघतात. सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले, अतिशय चांगले शिकवणारे लोक वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर काम करताना मी पाहतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्या हाती काहीच पडत नाही. मुलीने केवळ प्राध्यापकीवर भिस्त ठेवू नये, असे मी कळकळीने सांगेन.

मात्र संस्था चांगली मिळाली तर हाच हिशेब पालटतो. बेंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील बी.मॅथ. ही गणिताची पदवी, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, पुण्याची आयसर ही केंद्राची विज्ञान संस्था आणि मुंबईत कालिना येथील मूलभूत विज्ञान केंद्र या चारही ठिकाणी स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. बारावीत मंडळाच्या पहिल्या एक टक्क्यात आल्यास मूलभूत विज्ञानासाठीच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीतून वर्षाला ८० हजार मिळू शकतात. त्यांपैकी ६० हजार रोख आणि २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठी. पुढे पीएच.डी.कडे वळल्यास कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, त्यामुळे ती वर्षे घरावर पडत नाहीत.

विमागणिती:
मी विमा क्षेत्रात ॲक्च्युरीच्या, म्हणजे जोखीम व विम्याचे हप्ते गणिताने ठरवण्याच्या कामात आहे. आमच्याकडे गणिताच्या पदवीधरांना चांगली मागणी असते, परंतु पदवीपेक्षा इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युरीज ऑफ इंडियाचे किती पेपर सुटले हे आधी पाहिले जाते आणि पेपर सुटतील तसा पगार वाढतो. त्याची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते. पेपर कठीण असतात, नोकरी सांभाळून द्यावे लागतात आणि त्यांत अनेक वर्षे जातात, याची तयारी हवी. हा मार्ग नको असला तरी गणिताबरोबर संख्याशास्त्र घ्यावे आणि पायथॉन ही संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा शिकावी. बँका व डेटाच्या कंपन्या मुलाखतीत याच गोष्टी विचारतात.

तुलना करताना आणखी एक बाब लक्षात घ्यावी. राज्य शासनाने २०२४ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. आपण त्यात बसत असाल, तर अभियांत्रिकी महाग आणि बी.एस्सी. स्वस्त हे गृहीतक आपल्या घरापुरते फारसे लागू पडत नाही.

मूळसंख्या:
खर्चाचा विचार करण्याआधी तिच्यासमोर मूळ संख्या अनंत असल्याची सिद्धता ठेवा: साऱ्या ज्ञात मूळ संख्यांचा गुणाकार करून त्यात एक मिळवला की त्या संख्येला यांपैकी एकीनेही भाग जात नाही. पुस्तक मिटून तिने ती स्वतः लिहावी. पदवीचे गणित बहुतांशी असेच असते. बारावीत शंभरपैकी शंभर मिळवणारी मुले दुसऱ्या वर्षी विश्लेषणाच्या (कलनामागील सिद्धतांच्या) पेपरला अडखळतात, ती आकडेमोडीत कच्ची असतात म्हणून नव्हे, तर सिद्धता लिहिण्याची सवय नसते म्हणून.

खडू_फळा:
वरील चार ठिकाणी प्रवेश मिळाला नाही, तर पदवीसाठी पुण्याला पाठवण्याची घाई करू नये. सांगलीत विलिंग्डन महाविद्यालयातच गणित घेऊन पदवी करावी. राहण्याजेवण्याचे तीन वर्षांचे तीन लाख वाचतील. ते पैसे एम.एस्सी.साठी ठेवावेत आणि तिसऱ्या वर्षी जॅम ही आयआयटींतील एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी प्रयत्न करावा. मधल्या उन्हाळ्यात एमटीटीएस या गणिताच्या प्रशिक्षण शिबिराला अर्ज करावा. ते १९९३ पासून चालू आहे, निवड झालेल्यांची राहण्याजेवण्याची सोय तिथे विनामूल्य होते आणि छोट्या गावातील मुलांना तिथे खऱ्या गणिताची सवय लागते.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. सांगलीत राहून पदवी करण्याचा पर्याय मी मांडला तेव्हा ती थोडी नाराज झाली, परंतु जॅमचे नाव ऐकल्यावर जुन्या प्रश्नपत्रिका पाहू लागली. चारही संस्थांचे अर्ज भरत आहोत. शुल्कमाफीच्या दृष्टीने उत्पन्नाचा दाखलाही या आठवड्यात तहसील कार्यालयातून काढून ठेवतो.