बी.एड.च्या पोरांना संशोधन स्पर्धेत उतरवावं का?

तापीकाठचा (धागाकर्ता)
‘आविष्कार’ जवळ आली की आमच्या बी.एड. कॉलेजात पोस्टर छापणाऱ्याची चांदी. 2006 पासून राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने चाललेली ही आंतरविद्यापीठ स्पर्धा. हेतूबद्दल तक्रार नाही. पण शाळेत महिनाभर बसून केलेलं काम पोस्टरपुढे पाच मिनिटांत कसं जोखणार? आमच्या एका मुलीने तिसरीच्या शुद्धलेखनाच्या वह्या चाळल्या. चुका बहुतेक एकाच जातीच्या: ‘पानी’, ‘बहीन’, ‘कोन’. घरी अहिराणी, तिच्यात ‘ण’च्या जागी ‘न’. पोरं कानावर पडतं तेच लिहीत होती. परीक्षक म्हणाले, “34च मुलं? टी-चाचणी कुठाय?” बक्षीस गेलं मोबाइल ॲपवाल्यांना. मला विचाराल तर पहिल्या वर्षाला स्पर्धा नकोच.

सातपुड्याची
सर, मी धडगावकडची. घरात पावरी, मराठी शाळेत गेल्यावर कानी पडली. स्पर्धा नसती तर माझं कृतिसंशोधन स्पायरल मारून कपाटात गेलं असतं, सगळ्यांचं जातं तसं. विषय होता हजेरीपट. दिवाळीनंतर घरं गुजरातेत ऊसतोडीला निघाली की काही नावांपुढे गैरहजेरीची रांग लागते. जळगावला विद्यापीठात मांडताना पाय लटपटत होते. एका मॅडमनी विचारलं, “तिकडे ही पोरं शाळेत जातात का?” मला सांगताच येईना. गावी परतल्यावर पहिल्यांदा घरोघर जाऊन विचारलं. कॉलेजात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, मार्गदर्शकांनीही नाही.

केळीवाला_रावेर
काय भो, चुकांचे प्रकार मोजायचे तर टी-चाचणी कशाला? ती सरासऱ्यांची तुलना करते. काय-वर्ग (chi-square) चाचणी लावा, ती कुठल्या प्रकारात किती ते ताडून बघते. परीक्षकालाच शिकवणी हवी!

तापीकाठचा
@सातपुड्याची, तुम्हाला परीक्षक चांगल्या भेटल्या, नशीब तुमचं. दर वर्षी नशिबावर सोडायचं का?

एम.एड._वाली
सर, राग मानू नका, पण 34चा प्रश्न अगदीच फालतू नव्हता. अडचण आकड्याची नाही. वर्गातली सगळीच पोरं अहिराणी घरातली असतील तर चूक अहिराणीमुळे झाली की तिसरीतल्या कुठल्याही पोराची होते, हे कळणार कसं? मराठी बोलणाऱ्या घरांतली पोरंही घ्यायला हवी होती. हे तिला स्पर्धेच्या आधी कोणी सांगायला हवं होतं? परीक्षकाने?

तापीकाठचा
लागलं. मार्गदर्शक मीच होतो. पोरगी आता नोकरीला लागली, पण वह्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा माझ्याकडेच आहे. शहरातली एखादी तिसरी मिळते का बघतो. पोस्टर मात्र छापणार नाही.

केळीवाला_रावेर
छापा हो, पोस्टरवाल्याचंही घर चालू द्या.