मदत हवी आहे: उंदरांची चिंता कमी झाली की नुसती गुंगी आली?

नमस्कार. मी फार्माकॉलॉजीत एम. फार्म. करते आहे. कृष्णकमळाच्या पानांच्या अर्काने चिंता कमी होते का, हे उंदरांवर तपासणं हा माझ्या प्रबंधाचा विषय. एका ठिकाणी अडले आहे, जाणकारांनी मार्ग दाखवावा.

चाचणी एलिव्हेटेड प्लस मेझवर घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जमिनीपासून उंचावर अधिक चिन्हाच्या आकाराचा मंच असतो, समोरासमोरच्या दोन भुजांना भिंती, उरलेल्या दोन उघड्या. उंदराला उघड्यावर जायची भीती असते आणि नवी जागा हुंगून पाहायची ओढही. चिंता उतरली, की 5 मिनिटांच्या चाचणीत तो उघड्या भुजांमध्ये जास्त वेळ काढतो. अर्क तोंडावाटे दिला. तुलनेला एक गट डायझेपामचा (चिंतेवरचं नेहमीचं औषध), एक नुसत्या ट्वीन 80 (अर्क पाण्यात मिसळावा म्हणून घालतात तो पदार्थ) मिसळलेल्या पाण्याचा.

मधल्या मात्रेला उघड्या भुजांमधला वेळ वाढला. सर्वांत मोठ्या मात्रेला तो घटला आणि बंद भुजांमधल्या फेऱ्याही घटल्या, म्हणजे उंदीर एकूणच कमी हिंडले. ही गुंगी असेल, तर मधल्या मात्रेचा परिणाम तरी खरा मानायचा का? गाइड म्हणतात, मोठ्या मात्रेचा गट वगळून लिही. मला ते पटत नाही. त्या उंदरांचा जीव वापरला आहे, त्यांनी दाखवलेलं लपवायचं कसं?

दुसरं असं, की एकदा मेझ पाहिलेल्या उंदरांवर दुसऱ्यांदा डायझेपामसुद्धा नीट चालत नाही. मग हालचाल तपासायला नवे उंदीर घ्यावेच लागतील का? शक्य तितके कमी प्राणी वापरायचे आहेत.

आणि क्रायसिनचं काय करू? कृष्णकमळाच्या एका जातीतलं हे फ्लेव्होनॉइड (वनस्पतींमधल्या रसायनांचा एक गट) उंदरांची चिंता गुंगी न आणता कमी करतं, असं 1994 साली दाखवलं गेलं. पण ते इंजेक्शनने दिलं होतं. तोंडावाटे दिलं तर आतडं आणि यकृतच त्याचं रूप बदलतात, रक्तात फार थोडं पोचतं. माझ्या अर्काचं श्रेय त्याला द्यावं का?

प्रतिसाद: मोठ्या मात्रेचा गट मुळीच वगळू नका. डायझेपामही मात्रा वाढवली की गुंगीच आणतं, त्यामुळे असा चढून उतरणारा आलेख अनपेक्षित नाही. मधल्या मात्रेला बंद भुजांमधल्या फेऱ्या पाण्याच्या गटाइतक्याच असतील, तर तुमची बाजू भक्कम आहे. पुढच्या तुकडीत आधी ओपन फील्ड (मोकळ्या पेटीत उंदीर किती हिंडतो ते मोजणं) आणि लगेच प्लस मेझ, असं त्याच उंदरांवर करता येईल; फक्त क्रम सगळ्या गटांना एकच ठेवा आणि मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका. क्रायसिनचं नाव इतक्यात घेऊ नका. आधी फ्लुमाझेनिल (डायझेपामसारख्या औषधांचा परिणाम रोखणारं औषध) देऊन परिणाम पुसला जातो का पाहा. गेला, तर मेंदूत बेंझोडायझेपिन (डायझेपाम ज्या गटातलं, ती औषधं) जिथे चिकटतात त्या जागेशी संबंध असल्याचं म्हणता येईल. नाही गेला, तरी अर्क निकामी ठरत नाही. बुस्पिरोन हे चिंतेवरचंच दुसरं औषध सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या वाटेने काम करतं आणि प्लस मेझवर त्याचे निकाल कायम डळमळीतच येतात. बंद भुजांचे आकडे इथे टाका, म्हणजे नेमकं सांगता येईल.