अनुभव धागा: रंगावरून अपमान झाला, पुढे काय केलंत?

धागाकर्ती: ७ जून १८९३ च्या रात्री पीटरमॅरित्झबर्गला गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरवलं, हे शाळेपासून पाठ आहे. पण दक्षिण आफ्रिकेतल्याच ट्रान्सवालचा, हिंदी लोकांवर नोंदणीची सक्ती करणारा कायदा पाळणार नाही अशी शपथ जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात घेतली गेली ती ११ सप्टेंबर १९०६ ला. मधली तेरा वर्षं अर्ज, सह्या, नाताळ इंडियन काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या नाताळ भागातल्या हिंदी लोकांच्या संघटनेच्या) बैठका असलं रटाळ काम. मला त्या रटाळ भागातच रस आहे. तुम्ही राग गिळलात की कामाला लावलात? पाल्हाळ चालेल.

डर्बनकर: ते स्टेशन पाहिलंय, फलाटावर पाटी आहे. जूनमध्ये तिकडे ऐन हिवाळा, मी पातळ शर्टात काकडलो. गांधींचा ओव्हरकोट सामानात होता आणि सामान रेल्वेवाल्यांच्या ताब्यात. मागायला गेलो तर पुन्हा अपमान होईल म्हणून ते रात्रभर तसेच कुडकुडत बसले. हे न मागणं माझ्या फार ओळखीचं. दुकानात रखवालदार मागे मागे फिरायचा तेव्हा मीही हातातलं ठेवून मुकाट बाहेर पडायचो.

ब्रिस्टलची मावशी: आमच्या शेजारी जमैकाच्या एक आजी होत्या. १९६३ साली इथली, म्हणजे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची, बस कंपनी गोरे नसलेल्यांना कंडक्टर-ड्रायव्हर म्हणून घेत नसे. युनियनच्या स्थानिक शाखेचीही त्याला फूस! गाय बेली या तरुणाला रंग कळताच मुलाखत नाकारली आणि पॉल स्टीफन्सन वगैरे मंडळींनी बसवर बहिष्कार पुकारला. आजी कामाला चालत जायच्या. बुटाला भोक पडलं की नवरा पुठ्ठा कापून आत घालून द्यायचा. बरं, कंडक्टर व्हायची त्यांना हौसही नव्हती! २८ ऑगस्टला कंपनी नमली. गोरा नसलेला पहिला कंडक्टर झाला तो रघबीर सिंग, आपल्याकडचा शीख.

तिरकस: गांधींच्या त्या काळातल्या लिखाणात आफ्रिकन लोकांबद्दल तुच्छतेचे शब्द आहेत, तेही वाचा. अपमान झाला की माणूस आपोआप उदार होतो असं नाही.

धागाकर्ती: मान्य. म्हणूनच 'पुढे काय केलंत' विचारलंय.

पुणेकरीण: परदेशात कशाला जायचं? माझी मणिपुरी मैत्रीण घर शोधत होती. फोनवर 'या बघायला', दारात चेहरा पाहिला की 'कालच गेलं हो'. संध्याकाळी मी फोन केला तर घर रिकामंच! मग आम्ही मैत्रिणींनी त्या एजंटकडे जाणंच बंद केलं आणि हॉस्टेलच्या फलकावर कारणासकट लिहिलं. नव्या मुली आधी फलक वाचायला लागल्या. महिन्याभरात एजंट स्वतः दोन पत्ते घेऊन आला. चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा.

दोन मुलांची आई, लंडन: शाळेत धाकट्याच्या रंगावरून चिडवतात. तक्रार केली तर 'मुलं आहेत, चालायचंच'. काय करू?

पुणेकरीण: तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे वहीत लिहून ठेवा. आणि शाळेत एकट्या जाऊ नका, आधी बाकीच्या आयांना विचारा.

दोन मुलांची आई, लंडन: विचारलं. आणखी दोघींच्या घरी हेच चाललंय. सोमवारी तिघी मिळून जातोय.