लव्हलँडचा बेडूकमाणूस: इग्वाना म्हटलं की प्रकरण मिटतं का?

तळ्यातमळ्यात: अमेरिकेत ओहायो राज्यातल्या लव्हलँडच्या या बेडूकमाणसावर अजून वाद का चालतो? मार्च १९७२ मध्ये लिटल मायामी नदीकाठच्या रस्त्यावर एका पोलिसाला रात्री तीन-चार फुटी, दोन पायांवर उभं राहणारं काहीतरी दिसलं. ते कठडा ओलांडून नदीकडे गेलं. दोन आठवड्यांनी त्याच्या सहकाऱ्याने तसलाच प्राणी गोळी घालून डिकीत टाकला. तो शेपूट नसलेला इग्वाना, म्हणजे एक मोठा सरडा होता, हे २०१६ मध्ये या सहकाऱ्यानेच टीव्ही वाहिनीला सांगितलं. विषय संपला.

पाणकावळा: आधी मोजायची टेप लावा, मग संपवा. हिरवा इग्वाना पाच-सहा फुटांचा म्हणतात, त्यात निम्म्याहून जास्त शेपूटच. ती गेली की उरतो जेमतेम दीड फूट. गोळी घालणाऱ्याने मात्र तीन-साडेतीन फूट सांगितलंय. शिवाय पहिल्या रात्री रस्त्यावर बर्फ होता. दहा अंशांखाली इग्वाना सुस्तावतो, चार-पाच अंशांवर तर लाकूड होतो. तो कठडा ओलांडणार?

तळ्यातमळ्यात: जवळ बुटांचा कारखाना होता. तिथल्या भट्ट्या थंड करणाऱ्या पाइपांच्या उबेला तो राहिला असावा, असं गोळी घालणाऱ्या पोलिसाचंच म्हणणं. दोन-तीन किलोचा सरडा उबेतून बाहेर आला की लगेच गारठत नाही.

घनमूळ: इग्वाना नको म्हणून बेडूक धराल तर आणखी फसाल. जगातला सर्वांत मोठा बेडूक, कॅमेरूनकडचा गोलायथ, फूटभराचा. ओहायोतला बुलफ्रॉग फार तर आठ इंच. त्याला पाचपट करा: वजन १२५ पट, पण हाडांचा छेद आणि कातडीचं क्षेत्रफळ २५ पटच. हिवाळ्यात तो पाण्याखाली कातडीतून श्वास घेतो. हा पाचपट झालेला तळाशीच गुदमरेल.
(याच बेडूकमाणसाच्या १९५५ च्या कथेत तर असे तिघे आहेत, एकाच्या हातात ठिणग्या उडवणारी कांडी. तिथे गणित कशाला लावायचं!)

ओसरी: सगळे तीन फूट खरे धरून चाललेत. हेडलाइटच्या झोतात अंतराचा अंदाज दुप्पट चुकला की उंचीही दुप्पट वाटते. तीस फुटांवरचा दीड फुटी प्राणी साठ फुटांवर आहे असं समजलात, तर तो तीन फुटांचा झाला. शेजारचा कठडा मोजपट्टी म्हणून धरायला हवा होता.

पाणकावळा: पहिल्या रात्रीपुरतं मान्य. पण डिकीत टाकलेल्या प्राण्याचं अंतर कसं चुकेल?

ओसरी: आठवण चुकेल. गोळी आणि मुलाखत यांत ४४ वर्षं आहेत.

तळ्यातमळ्यात: किंवा शेपूट मुळापासून नव्हे, मधूनच तुटलं असेल. दीड फूट खुंट उरला तर तीन फूट बरोबर भरतात.

पाणकावळा: दीड फूट शेपूट उरलेला सरडा चटकन सरडाच दिसतो हो. शेपूट नव्हतं म्हणून आधी ओळखू आला नाही, हे त्याचंच म्हणणं आहे. लांबी वाचवायची की हे, ते एकदा ठरवा.