वर्म गिअरबॉक्सला हात लावता येत नाही. हेलिकल घ्यावा का?

कळमना_डाळवाला
मंडळी, आमच्या डाळमिलच्या चढत्या पट्ट्याला 3 एचपी मोटार आणि 40:1 चा वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारखा दांडा, म्हणजे वर्म, दातेरी चाक फिरवतो तो; मोटारचे 40 फेरे, पट्ट्याकडे एक) आहे. मे महिन्यात दुपारी शेडमध्येच 45 अंश, गिअरबॉक्सवर हात दोन सेकंद टिकत नाही. परवा तेल सोडलं तर त्यात सोनेरी चकाकी. फिटर म्हणतो तेल बदला, मेव्हणा म्हणतो गिअरबॉक्सच बदला, हेलिकल (तिरप्या दात्यांच्या चाकांचा) घ्या.

जुना_हॉबर
चकाकी म्हणजे वर्म व्हीलचं ब्राँझ. भाऊ, साध्या गिअरचे दाते पिच लाइनवर (दात्याच्या साधारण मध्यावर) नुसते लोळतात, टोकाकडे-मुळाकडे जाल तसं घसरणं वाढतं. वर्ममध्ये लोळणं जवळजवळ नाहीच, सगळं घासणंच. म्हणून तर पोलादासमोर ब्राँझ ठेवतात, नाहीतर केव्हाच जाम झालं असतं. 40:1 ला कार्यक्षमता 70 टक्क्यांच्या आसपास धरा. पूर्ण भार असेल तर 2.2 किलोवॉटपैकी साडेसहाशे वॅट त्या पेटीतच जिरतात, इस्त्री चालू राहिल्यासारखे. हेलिकलमध्ये सगळे टप्पे मिळून पाचेक टक्के जातात.
तेल कोणतं घातलंय?

कळमना_डाळवाला
ट्रकच्या डिफरन्शियलचं, 90 नंबर. फिटरनंच आणलं.

जुना_हॉबर
अरे बाप्पा! त्यातलं गंधक तापलं की ब्राँझ खातं, वर ते तुमच्या कामाला पातळही पडतं. वर्मसाठीचं 460 ग्रेडचं, जास्त घट्ट तेल घाला. पीएजी सिंथेटिक (वेगळ्या जातीचं कृत्रिम तेल) घेतलं तर आणखी थंड चालेल, पण आधीचं तेल पूर्ण धुऊन काढा, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. आणि पेटीवर चुरी साचलीय का? गोधडीसारखी ऊब धरते ती.

वाडीकर
मी गेल्या वर्षी हेलिकल बसवला. गारेगार चालतो, वाद नाही. पण पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा भरलेला पट्टा उलटा धावला, सगळी तूर खाली. वर्म भार बऱ्यापैकी धरून ठेवतो, हेलिकल नाही धरत. बॅकस्टॉप (उलटं फिरू न देणारा अडसर) सोबतच मागवा.

जुना_हॉबर
बरोबर. वर्मच्याही भरवशावर राहू नका म्हणा, कंप बसला की तोही सरकतो. दिवसाला दोन-तीन तास चालवत असाल तर तेलावरच भागवा. दोन पाळ्या असतील तर मेव्हण्याचं ऐका.

कळमना_डाळवाला
सीझनला दोन पाळ्या. चुरी खरवडली, बोटभर जाड होती, मोटारच्या पंख्याची जाळीही बुजलेली. तूर्त तेल बदलतो, हेलिकल दिवाळीनंतर. बॅकस्टॉप मोटारकडे लावायचा की पट्ट्याकडे?

वाडीकर
मोटारकडे. तिथे टॉर्क कमी, लहानसा पुरतो. फक्त बॅकस्टॉप बसवण्याआधी मोटारची दिशा बघा, उलटी जोडलेली मोटार पहिल्याच स्टार्टला तो तोडते. कसं माहीत, ते विचारू नका.